उपग्रहाच्या फोटोंवरून आपला किनारा वाचताना : कोकणातल्या लोकांनी आपापल्या भागाचं लिहा

खाडीकाठ, मालवण

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या दोन फोटो फिरतायत, एक २०१७चा, एक यंदाचा, दोन्ही उपग्रहाचे, आणि खाली लाल अक्षरांत लिहिलंय "समुद्र ७५ मीटर आत आला". तेव्हापासून गावात दुसरा विषय नाही. कोण म्हणतो होमस्टे विकून मोकळं व्हा, कोण म्हणतो धूपप्रतिबंधक बंधारा झालाच पाहिजे, मुंबईचे चाकरमानी फोन करून विचारतायत घर आहे ना जाग्यावर.

किनारा धुपतोय यात वाद नाही. देवबागला एका अंगाला कर्ली खाडी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे चिंचोळी पट्टी, तिथे ज्यांनी जुलै काढलाय त्यांना हे सांगायला उपग्रह नको. चेन्नईच्या राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ ची उपग्रहचित्रं आणि प्रत्यक्ष पाहणी यांवरून देशाच्या किनाऱ्याचा हिशेब मांडला होता, त्यात ३३.६ टक्के किनारा धुपणारा निघाला, साधारण २७ टक्के वाढणारा आणि बाकीचा आहे तसाच. म्हणजे प्रश्न खरा आहे, आणि म्हणूनच ते दोन फोटो मला डाचतायत. खऱ्या प्रश्नाला कच्चा पुरावा जोडला की उद्या मीटिंगमध्ये साहेब तो दोन मिनिटांत उडवून लावतो आणि मग खरं नुकसान पण कोणी ऐकून घेत नाही.

मी ते फोटो मूळ जागी जाऊन शोधले. सेंटिनेल-२ चे आहेत, युरोपियन स्पेस एजन्सीचा उपग्रह, चित्रं फुकट मिळतात, पहिला २०१५ ला सोडला, दुसरा २०१७ ला, आणि जोडी मिळून दर पाच दिवसांनी आपल्या डोक्यावरून जाते. तारखा काढल्या तर एक फोटो ओहोटीचा आणि दुसरा भर भरतीचा! आता हिशेब करा. पुळणीला (वाळूच्या किनाऱ्याला) दर ५० मीटरला १ मीटर उतार धरला आणि दोन फोटोंच्या वेळच्या पाण्यात दीड मीटरचा फरक धरला तर पाण्याची कड ७५ मीटर सरकलेली दिसणार. फोटोत सात-आठ पिक्सेल. वाळूचा एक कण नाही गेला तरी.

पिक्सेलचं एक लक्षात ठेवायला सोपं आहे म्हणून सांगतो, सेंटिनेलचा पिक्सेल १० बाय १० मीटर म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. अमेरिकेच्या लँडसॅटचा ३० बाय ३० चा, म्हणजे नऊ गुंठे. त्यामुळे पाच गुंठ्यांचा तुकडा लँडसॅटमध्ये वेगळा दिसतच नाही, शेजाऱ्याच्या रंगात मिसळून जातो. पण लँडसॅटची मजा ही की तो जुना आहे, पहिला १९७२ ला सुटला, १९८४ ला लँडसॅट-५ गेला तो २०१३ पर्यंत चालला, आणि २००८ पासून हा सगळा साठा फुकट खुला केलाय. आपल्या लहानपणचा किनारा बघायचा तर तोच.

तर या धाग्यावर कोकणातल्या लोकांनी आपापल्या भागात उपग्रहाच्या फोटोंत काय दिसतं, काय फसवतं, ते लिहावं. मला ग्रामसभेपुढे एक नीट कागद ठेवायचाय, त्याला मदत होईल.

रापणकार

खाडीकाठ भाऊ, भरती-ओहोटी बघूक वेबसायट कित्याक व्हयी, भिंतीर कालनिर्णय हा मा?

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. आमच्या बापजाद्यांचा हिशेब असा, तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पुनव-अवसेला पंधरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकरा. दिवसातून दोनदा, सकाळी पण तीच वेळ, रात्री पण तीच, आणि मधे सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी. मुंबईपेक्षा आमच्या हय पाणी थोडा आधी चढता, तो फरक ज्याने त्याने आपल्या बंदरावर बघून ठेवायचा. पुनव-अवसेचं उधाण, सप्तमी-अष्टमीला भांगाचं पाणी, ते चढत पण कमी आणि उतरत पण कमी. तिथी बघल्याशिवाय आमच्यात कोण रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) टाकणा नाय.

तुमच्या फोटोच्या तारखा द्या, मी तिथी सांगतो.

शाल्मली_गुहागरकर

रापणकार काकांचा प्रतिसाद वाचून मी अक्षरशः खुर्चीत ताठ बसले. मी पुण्यात जीआयएसमध्येच (कंप्युटरवरचे नकाशे आणि उपग्रहचित्रं) काम करते, माहेर गुहागर. यात एक फार महत्त्वाची गोष्ट दडलीय ती नीट मांडते.

सेंटिनेल-२ आणि लँडसॅट हे दोन्ही अशा कक्षेत फिरतात की कुठल्याही गावावरून ते रोज ठराविक वेळीच जातात. सूर्याचा कोन सारखा राहावा, सावल्या सारख्या पडाव्यात म्हणून मुद्दाम तसं केलेलं असतं. आपल्या किनाऱ्यावर ही वेळ सकाळी अकराच्या आसपास येते. (रोज म्हणजे ज्या दिवशी जातात त्या दिवशी.)

आता काकांचा हिशेब याच्या शेजारी ठेवा. पौर्णिमा-अमावास्येला पूर्ण भरती अकराच्या सुमाराला. म्हणजे त्या दिवशी उपग्रह आला तर त्याला कायम उधाणाची भरतीच दिसणार. सप्तमी-अष्टमीला भरती पाच-सहाला, म्हणजे अकरा-बाराला ओहोटी, पण ती भांगाची, फार न उतरणारी. आणि उधाणाची ओहोटी, ज्या वेळी पुळण सगळ्यात जास्त उघडी पडते, ती येते सकाळी पाच-सहाला आणि संध्याकाळी पाच-सहाला. म्हणजे या उपग्रहांना आपल्या किनाऱ्याची सगळ्यात उघडी पुळण कधीच दिसत नाही! दहा वर्षांचे सगळे फोटो चाळले तरी नाही. वाळूचा दांडा, खाजणातला चिखल, खडकांच्या खालच्या पायऱ्या, यांचा जो भाग फक्त उधाणाच्या ओहोटीला वर येतो तो या साठ्यात नाहीच, आणि कोणी "फोटोत दांडा नाही म्हणजे दांडा नव्हता" म्हणालं तर ते मान्य करू नका.

पण याचाच उलटा फायदा घेता येतो. वेळ ठरलेली आहे, म्हणजे तिथी सारखी घेतली की पाणी पण जवळपास सारखं मिळतं. २०१७ ची डिसेंबरातली सप्तमी आणि यंदाची डिसेंबरातली सप्तमी, असे जोडीने फोटो काढा. आम्ही ऑफिसात भरतीचे तक्ते लावून हेच करतो, काका पंचांगावरून करतात.

रापणकार

बाय, बरोबर बोललंस. पण म्हयनोय तोच व्हयो. पावसात समुद्र वाळू खेचून नेता आणि कार्तिक-मार्गशीर्षापासून हळूहळू परत आणून टाकता. वैशाखातली पुळण आणि भादव्यातली पुळण एक नसते. मे महिन्याचा फोटो एका वर्षाचा आणि ऑक्टोबरचा दुसऱ्या वर्षाचा लावलात तर दरवर्षी गाव बुडालेला दिसात.

नवशिकी_मिठबाव

मला हे सगळं पहिल्यांदाच कळतंय आणि भारी वाटतंय. कुठे बघायचं ते सांगा ना, मोबाइलवर होईल का? मी गुगल अर्थवरचं टाइमलॅप्स बघितलंय, १९८४ पासूनचं, त्यात आमच्या खाडीचं तोंड इकडून तिकडे सरकताना दिसतं. आणि एका साइटवर २००७ चा फोटो उघडला तर त्यावर काळे तिरपे पट्टे आहेत, ते काय आहे? आई म्हणाली काहीतरी लपवलंय सरकारने.

शाल्मली_गुहागरकर

@नवशिकी, काही लपवलेलं नाही. तो लँडसॅट-७ चा फोटो असणार. त्याचा एक भाग ३१ मे २००३ ला बिघडला, तेव्हापासून प्रत्येक फोटोतला साधारण २२ टक्के भाग गेलेला असतो, मधे कमी आणि कडेला जास्त, ते पट्टे त्याचे. त्याच वर्षाचा लँडसॅट-५ चा मिळाला तर तो घे.

बघायला सगळ्यात सोपं कोपर्निकस ब्राउझर. फुकट खातं उघड, सेंटिनेल-२ निवड, ढग किती टक्क्यांपर्यंत चालतील ते लाव, तारीख निवड, दोन तारखा शेजारी ठेवून मधली पट्टी सरकवता येते. मोबाइलवर चालतं पण बोटाने फार त्रास होतो, लॅपटॉप असेल तर बरा. इस्रोचं भुवन २००९ पासून आहे, त्यावर आपल्या उपग्रहांचं बघता येतं. गुगल अर्थ कंप्युटरवर घेतलंस तर त्यात जुन्या तारखांचे खूप बारीक फोटो आहेत, एकेक माड मोजता येतो, पण तारखा त्यांच्या मर्जीच्या.

टाइमलॅप्सबद्दल मात्र सावध. त्यातलं एकेक वर्ष म्हणजे त्या वर्षभरातल्या अनेक फोटोंमधून ढग काढून जमवलेलं चित्र असतं, त्यामुळे किनाऱ्याची कड म्हणजे भरती-ओहोटीची सगळी सरमिसळ. खाडीचं तोंड सरकलं, शहर वाढलं, धरण बांधलं, हे बघायला झकास. पुळण किती मीटर गेली ते त्यावरून काढू नये.

सड्यावरून, राजापूर

किनाऱ्यावरून जरा वर या. आमच्याकडे सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार. जांभ्याचा सडा उपग्रहातून वर्षभर बघितला तर चार वेळा रंग बदलतो, पावसात हिरवागार, ऑक्टोबरात पिवळसर, डिसेंबरनंतर तपकिरी, आणि वणवा लागला की काळा. नुसता हिरवा-तपकिरी बघून कोणी "झाडं तोडली" म्हणेल तर तसं नाही, गवत वाळलं एवढंच.

खरा बदल दिसतो तो चिरेखाणींचा. नवी खाण उघडली की भगवा-तांबडा चौकोन उमटतो, कडा अगदी सरळ, निसर्गात सड्यावर अशी सरळ कड कुठेच नसते त्यामुळे डोळ्याला लगेच टोचते. वीस गुंठ्यांची खाण म्हणजे वीस पिक्सेल, स्पष्ट दिसते. दोन-चार वर्षांनी काम थांबलं की तो रंग मळून राखाडी पडतो, पावसाळ्यानंतर त्यात पाणी साठून निळा-काळा चौकोन होतो. सड्याचा एकच तुकडा घेऊन दर जानेवारीचा फोटो ओळीने लावलात तर कुठली खाण कधी सुरू झाली, कधी किती सरकली, हे वर्षावार सांगता येतं. परवानगी किती जागेची आणि खणलं किती, हे कागदाशी ताडून बघायला याच्याएवढं सोपं साधन दुसरं नाही. फक्त एक, हा फोटो म्हणजे मोजणी नाही. सातबाऱ्याच्या हद्दी त्यावर ओढून भांडायला जाऊ नका, एक पिक्सेल इकडे-तिकडे सरकलेला असतो आणि तो पिक्सेल म्हणजे कोणाचा तरी गुंठा असतो.

मी हे करतो ते कातळशिल्पांसाठी, म्हणजे सड्यावर कोरलेल्या जुन्या चित्रांसाठी. कशेळीचा हत्ती केवढा मोठा तरी १० मीटरच्या पिक्सेलमध्ये तो दिसणार नाही, कातळात कोरलेली रेघ ती, खोली बोटाच्या पेरांत मोजायची. शिल्प दिसत नाही पण शिल्पाकडे येणारी खाण दिसते. आंबा लावायला कातळ फोडला तरी दिसतो, खड्ड्यांच्या ओळी, मातीचे ढीग. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, जांभरुण, उक्षी ही नावं २०२२ ला युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, पण यादीत नसलेले सडे कितीतरी आहेत आणि तिथे जेसीबी कधी पोचला हे कळायला रोज कोण जाणार. दर पाच दिवसांनी फुकट फोटो येतो, गावातल्या दोन पोरांनी महिन्यातून एकदा बघितला तरी पुष्कळ झालं.

अबोली_दोडामार्ग

सड्यावरून यांनी रंगाचं लिहिलं म्हणून आमच्या बाजूचं लिहिते. इथे उलटी अडचण, फोटोत सगळं हिरवं. एनडीव्हीआय म्हणून एक आकडा काढतात, पानं लाल उजेड शोषतात आणि डोळ्याला न दिसणारा जवळचा अवरक्त उजेड परत फेकतात, त्या दोन्हींचा फरक भागिले बेरीज. आकडा एककडे जितका जास्त तितकी पानं दाट. आता जुनं जंगल तोडून तिथे रबर लावलं, अननस लावला, काजू लावला, की वर्ष-दोन वर्षं आकडा पडतो आणि मग परत वर. आकड्याला देवराई आणि रबर सारखंच.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येतच एक हेक्टरवर झाडांचं छत्र १० टक्क्यांपेक्षा जास्त असलं की ते वनाच्छादन, मग जमीन कोणाची का असेना, झाड कुठलं का असेना. त्यामुळे अहवालात हिरवं वाढलं म्हणून जंगल वाढलं असं समजू नये. बघायचं असेल तर मधली ती एक-दोन वर्षं शोधा जेव्हा आकडा अचानक पडला होता. तोडीची सही तिथे असते. आणि जानेवारी-फेब्रुवारीचा फोटो घ्या, रबर त्या सुमाराला पानं गाळतं, बाजूचं सदाहरित जंगल तेव्हाही गडद हिरवं असतं. त्या दिवसांत दोन्ही एकमेकांपासून सुटी दिसतात.

खारपाटी, पेण

अबोलीताईंचं वाचलं आणि वाटलं आमचंच दुःख दुसऱ्या टोकाला. आमच्याकडे फोटोत कांदळवन वाढलंय, आणि ती आमची भातशेती होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, खाडीकाठच्या खाजणाला बांध घालून खारं पाणी बाहेर ठेवायचं, पावसाच्या पाण्याने जमीन धुवून घ्यायची आणि भात पिकवायचा, ही आमची खारशेती. बाहेरकाठा (खाडीकडचा मुख्य बांध) मजबूत आणि उघाड्या (पाणी सोडायची दारं) चालू पाहिजेत, मग सगळं ठीक. उधाणाने बांधाला खांड पडली आणि ती वेळेत बांधली नाही की खारं पाणी आत, पहिल्या वर्षी भात गेलं, दुसऱ्या वर्षी नुसता चिखल, आणि मग पाण्याबरोबर आलेल्या तिवराच्या (कांदळवनातल्या झाडाच्या) बिया धरतात. पाच-सात वर्षांत माणूस शिरणार नाही एवढं दाट. उपग्रहाला हे हिरवं दिसतं आणि कागदावर कांदळवन वाढलं म्हणून नोंद होते. मग कायद्याचं संरक्षण लागतं, बांध दुरुस्त करायला गेलो तरी परवानगी, तिवर तोडायला तर नावच नको.

मी कांदळवनाच्या विरोधात नाही हे स्पष्ट लिहितो, माझा भाऊ खाडीत मासेमारी करतो, तिवर नसतील तर जिताडा-कोळंबी कुठून येणार. पण हे मुळात खाडीचं कांदळवन आणि हे बुडालेल्या शेतातलं कांदळवन, हा फरक फोटोवरूनच दाखवता येतो तर तो दाखवावा ना. जुन्या लँडसॅटमध्ये १९९० च्या आसपासचा ऑक्टोबर बघा, शेतं दिसतात. बांध फुटल्याच्या नंतरच्या फोटोत एप्रिल-मेमध्ये जिथे सुकी तपकिरी जमीन असायची तिथे पाणी चमकतं. आणि मग काही वर्षांनी हिरवं. हे तीन फोटो क्रमाने लावले तर शेतकरी खोटं बोलत नाही हे कोणीही बघेल.

शाल्मली_गुहागरकर

@खारपाटी दादा, याला एक सोपी युक्ती. सेंटिनेल-२ चे पट्टे (बँड, म्हणजे उजेडाचे वेगवेगळे रंग टिपलेले थर) आठ-अकरा-चार अशा क्रमाने लावा, ब्राउझरमध्ये स्वतःचा रंगक्रम लावायची सोय आहे. कांदळवनाच्या बुडाशी कायम ओल असते, अकरावा पट्टा ओलीला फार संवेदनशील, त्यामुळे तिवरं गडद भगवी-तपकिरी दिसतात आणि आंबा-काजूची झाडं उजळ भगवी. एप्रिल-मेचा फोटो घ्यायचा म्हणजे भातखाचरं रिकामी असतात. पण अकरावा पट्टा २० मीटरचा आहे, चार गुंठ्यांचा पिक्सेल, बांधाच्या कडेची एक ओळ तिवरं असतील तर भरवसा ठेवू नका.

माडबाग, श्रीवर्धन

३ जून २०२०, निसर्ग. वादळ आमच्यावरच धडकलं. नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, ते काय लिहू.

फोटोंबद्दल एवढंच सांगायचंय की नुकसान बघायला कोणी मे २०२० आणि नोव्हेंबर २०२० लावून बघितलं तर त्याला वाटेल फार काही झालं नाही. वादळानंतर लगेच पावसाळा लागला, ढगांमुळे चार महिने फोटो नाही, आणि ढग गेले तेव्हा पडलेल्या सुपाऱ्यांच्या जागी गवत, रान, केळी सगळं माजलेलं. फोटो हिरवाच. ज्या सावलीत आमची सुपारी, जायफळ होतं ती सावलीच गेली होती, ते १० मीटरच्या हिरव्यात कळत नाही. गुगल अर्थवर बारीक फोटोत बघा, माड वरून चांदणीसारखा दिसतो आणि बाजूला त्याची लांब सावली पडते. वादळाआधीच्या फोटोत आमच्या वाडीत चांदण्याच चांदण्या, नंतरच्यात मोकळी जागा आणि जमिनीवर आडव्या पडलेल्या रेघा. त्या रेघा म्हणजे खोडं. पंचनाम्यात झाडांच्या संख्येवरून वाद झालेल्यांनी हे वापरायला हवं होतं, तेव्हा कोणाला सुचलं नाही. पुढच्या वेळेसाठी प्रत्येकाने आपल्या वाडीचा आजचा फोटो तारखेसकट उतरवून ठेवा. नवी सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात हो.

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

ढगांचा विषय निघाला म्हणून. पावसाळ्यात रडार. सेंटिनेल-१ स्वतः लहरी सोडतो आणि परत आलेल्या मोजतो, ढग-रात्र काही आड येत नाही. शांत पाणी लहरी भलतीकडे परतवतं म्हणून पाणी काळं दिसतं, भातखाचरांत पाणी भरलं, धरण भरलं, नदी पसरली, सगळं काळ्यात उमटतं. (पावसाळ्यातला खवळलेला समुद्र मात्र उजळ दिसतो, लाटांमुळे, घोटाळा नको.)

२२ जुलै २०२१ च्या पुराचं मी खूप शोधलं. बाजारपेठेत घरांच्या भिंती आणि पाणी मिळून लहरी सरळ परत येतात, त्यामुळे शहरातलं पुराचं पाणी रडारला काळं न दिसता उलट उजळ दिसू शकतं. आणि आमचा पूर आला तसा एक-दोन दिवसांत ओसरतो, एक उपग्रह बारा दिवसांनी येणार, नेमका त्या दिवशी आला तर आला. नदीने खाली शेतात टाकलेला गाळ मात्र ऑक्टोबरच्या साध्या फोटोतही दिसतो.

त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. अशा दरडीचा ओरखडा ढग गेल्यावर फोटोत स्पष्ट दिसतो, हिरव्या डोंगरावर वरून खाली तपकिरी पट्टा. पण सगळे विचारतात आधी दिसलं असतं का, २०२३ ला इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हापण हेच. डोंगराला पडलेली हातभर भेग १० मीटरच्या पिक्सेलमध्ये दिसणं शक्य नाही. जमीन सेंटिमीटरने सरकली तर ते रडारच्या दोन फोटोंची तुलना करून काढता येतं, पण सेंटिनेल-१ ची लहर आखूड, आपल्या पावसाळी दाट झाडीत पानांवरच विखुरते आणि दोन फोटो जुळत नाहीत. इस्रो-नासाचा निसार ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला, त्याची एक लहर बरीच लांब आहे, झाडीतून खाली पोचते, दर बारा दिवसांनी तीच जागा. सह्याद्रीच्या उतारावरच्या वाड्यांसाठी मला सगळ्यात जास्त आशा याच्याकडून आहे, पण तोपर्यंत भेग दिसली तर तलाठ्याला फोन करा, उपग्रहाची वाट बघू नका.

किनारवाडी

सगळं वाचलं. माहिती चांगली आहे पण मला काळजी वेगळी वाटते. आमचं घर पुळणीला लागून आहे. तुम्ही आता ग्रुपवरचा ७५ मीटरचा फोटो चूक आहे असं जाहीर केलंत तर बंधाऱ्याची फाइल थांबेल. मीटर किती ते तुम्ही ठरवा, आमचा तुळशीवृंदावनापुढचा माड गेला हे तर खरं आहे ना? आकडा मोठा असला तर निदान कोणीतरी बघायला येतं.

खाडीकाठ, मालवण

किनारवाडी ताई, तुमचं म्हणणं मला पूर्ण कळतं आणि तुमचा माड हाच खरा पुरावा आहे, ऐका कसा.

पाण्याची कड रोज हलते. झाडांची कड नाही हलत. मर्यादवेल, सुरूची झाडं, माड, यांची समुद्राकडची शेवटची रेघ भरती-ओहोटीने सरकत नाही, ती मागे गेली तर जमीन गेली म्हणूनच जाते. गेले दोन दिवस मी रापणकार काकांच्या सल्ल्याने डिसेंबर-जानेवारीतले सप्तमीच्या आसपासचे फोटो निवडले, वर्षाला एक, आणि पाण्याच्या जागी झाडांची कड ओढत गेलो. गावाच्या उत्तरेकडच्या निम्म्या भागात रेघ सगळ्या वर्षांची एकमेकांवर बसते, तिथे काही गेलेलं नाही. दक्षिणेला खाडीच्या तोंडाजवळ मात्र रेघ दरवर्षी मागे मागे आलीय, एकदाही पुढे गेलेली नाही, आणि तुमचं घर त्याच भागात आहे. हे ७५ मीटर नाही. पण हे कोणाला खोडता येणार नाही, कारण तिथी सारखी, महिना सारखा, आणि उत्तरेची रेघ हलली नाही म्हणजे फोटो सरकल्याचा आरोपही करता येत नाही.

आणि यातून दुसरंही कळतं. पूर्ण किनाऱ्याला बंधारा मागितला तर तो जिथे गरज नाही तिथेही दगड टाकणार, आणि दगडाच्या भिंतीपुढची पुळण खचते, रापण ओढायला जागा राहत नाही. दक्षिणेच्या त्या तुकड्यापुरतं, खाडीच्या तोंडाचा अभ्यास करून काय ते करा, असं मागणं मला जास्त बरोबर वाटतं.

किनारवाडी

मग तो कागद मला द्या, मी स्वतः ग्रामसभेत वाचते. आमच्याकडे लग्नाचे जुने फोटो पण आहेत, मागे समुद्र दिसतो, माड दिसतात. तारीख पत्रिकेवर आहे.

शाल्मली_गुहागरकर

ताई ते फोटो नक्की जोडा! २०१५ च्या आधी सेंटिनेलसारखं नियमित आणि फुकट येणारं बारीक काही नाही, लँडसॅटचे नऊ गुंठेच. अंगणातून काढलेला तारखेचा फोटो त्या काळासाठी जास्त बोलतो.

@खाडीकाठ, प्रत्येक चित्राखाली चार गोष्टी छाप : उपग्रहाचं नाव, तारीख, वेळ, तिथी. आणि कड दोन माणसांनी वेगवेगळी ओढायची, दोघांच्यात एका पिक्सेलपेक्षा जास्त फरक आला तर तो भाग संशयास्पद म्हणून वेगळा दाखवायचा. दुसरी रेघ मी ओढते, फाइल पाठव.

नवशिकी_मिठबाव

मी पण आमच्या खाडीचं करते, सप्तमी शोधून. कॉलेजच्या तीन मैत्रिणी तयार आहेत. पण काका, शुद्ध सप्तमी की वद्य?

रापणकार

दोन्ही चलतत, पाणी सारख्याच. फक्त मळभ नको.

खाडीकाठ, फोटो फोटो ठीक हा, पण जमिनीर खूण व्हयी. येत्या सप्तमीक अकरा वाजता मी शेवटच्या माडाच्या बुंध्याकडे एक आणि पाण्याच्या कडेक एक असे खुंट मारतंय, किनारवाडीच्या घरापासून सुरुवात करून खाडीपर्यंत. तुम्ही मोबाइलवर जागा टिपूक येवा, आणि पोरांका सांगा टेप घेवन येवा.

खाडीकाठ, मालवण

येतो काका. मोबाइलचं जीपीएस चारपाच मीटर इकडे-तिकडे दाखवतं, म्हणून माड ते खुंट अंतर टेपनेच घेऊया, जीपीएस फक्त फोटोवर जागा सापडायला. त्या दिवशी सेंटिनेल आपल्यावरून जातोय का ते बघून रात्री इथेच लिहितो, नसेल जात तर जवळचा दिवस धरू.